बलेनोवर १६ इंची अलॉयऐवजी १५ इंची स्टील रिम: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मारुती बलेनोच्या वरच्या व्हेरियंटला अलॉय (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिम) आणि १९५/५५ आर१६ टायर येतात, खालच्या व्हेरियंटला स्टील रिम आणि १८५/६५ आर१५. पनवेल-पेण-कोलाड-माणगाव या पट्ट्यात नेहमी जाणाऱ्या गाडीचे अलॉय उतरवून खालच्या व्हेरियंटचा सेट जूनमध्ये चढवला. पावसाळा सरून दिवाळीही झाली. गाडी कायम खड्ड्यांच्या रस्त्यावर असेल आणि टायर बदलायला आलेच असतील, तर हा बदल डोळे झाकून करावा. गाडी बहुतेक द्रुतगती मार्गावरच चालत असेल तर काही गरज नाही.

आधी हिशेब. मापातला पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, दुसरा साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगतो. १९५/५५ म्हणजे साइडवॉलची उंची १०७ मिमी, १८५/६५ म्हणजे १२० मिमी. रिमच्या कडेखाली १३ मिमी जादा रबर आणि हवा मिळते. टायरचा बाहेरचा व्यास मात्र ६२१ मिमीच्या आसपास तसाच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर आणि ग्राउंड क्लिअरन्स दोन्हींना धक्का लागत नाही. लोड इंडेक्सही ८७ चा ८८ होतो, म्हणजे एका टायरमागे ५४५ ऐवजी ५६० किलो. दुसऱ्या गाडीवर असा बदल करताना हे तिन्ही आकडे आधी जुळवून पाहावेत. टायरच्या दुकानात ‘बसतंय ना’ एवढ्यावर काम उरकतात, ते पुरेसे नाही.

हे १३ मिमी का महत्त्वाचे, ते मार कुठे बसतो यावरून कळते. चाक खड्ड्यात उतरताना फारसे काही होत नाही. ते पलीकडच्या कडेवर आदळते तेव्हा टायर खड्ड्याची कड आणि रिमचा ओठ (रिमची बाहेर आलेली कड) यांच्यात चिमटला जातो. त्या क्षणी साइडवॉलमधले दोरे तुटतात. रबर शाबूत दिसते, पण दोरे नसलेल्या जागी आतली हवा रबराला बाहेर ढकलते आणि फुगा येतो. टायर पूर्ण दबला की उरलेला मार थेट रिमला बसतो आणि ओठ वाकतो. खड्ड्याच्या आत ब्रेक दाबलेला असेल तर गाडीचे नाक खाली गेलेले असते, पुढचे सस्पेन्शन आधीच दबलेले असते, आणि तोच खड्डा दुप्पट लागतो. ब्रेक खड्ड्याच्या अलीकडे मारावा आणि चाक आत उतरण्यापूर्वी सोडून द्यावा.

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले. या मार्गावर साध्या खड्ड्यांपेक्षा वाईट दोन जागा आहेत. एक म्हणजे रखडलेल्या पुलांपाशी काँक्रीट संपून डायव्हर्जनच्या डांबरावर उतरायची पायरी. दुसरी पेव्हर ब्लॉकने बुजवलेले खड्डे. पावसात खालची खडी वाहून जाते, ब्लॉक तिरपा होतो आणि त्याचा कोपरा वर येतो. डांबराची कड काही प्रमाणात झिजलेली, गोल असते. ब्लॉकचा कोपरा धारदार असतो. रात्री त्यावर पाणी साचले की काहीच दिसत नाही. माणसे जातात अशा रस्त्यावर बुजवणीच्या नावाखाली असे काम होणे संतापजनक आहे.

निकाल असा: या मोसमात एकाही टायरला फुगा आला नाही. डावी पुढची रिम मात्र आतल्या ओठाला वाकली. स्टील रिम अलॉयपेक्षा लवकर वाकते हे मान्य करूनच हा सेट घ्यायचा. फरक पुढे पडतो. स्टील वाकते, अलॉयला तडा जाऊ शकतो. वाकलेली स्टील रिम टायर उतरवून ठोकून सरळ होते, आणि अगदीच कामातून गेली तरी कंपनीच्या एका अलॉयच्या पैशात साधारण तीन स्टील रिम येतात.

ती वाकलेली रिम बाहेरून धडधाकट दिसत होती. लक्षण एवढेच की त्या एका चाकाची हवा रात्रीतून तीन-चार पीएसआय उतरायची. साबणाचे पाणी आतल्या बाजूने बीडच्या (टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेच्या) शेजारी ओतले तेव्हा बोटभर लांबीत बारीक बुडबुडे आले. पंक्चरवाले बहुतेक वेळा ट्रेड (टायरचा रस्त्याला टेकणारा भाग) आणि व्हॉल्व्ह तपासून ‘पंक्चर नाही’ सांगतात. त्यांना आतला ओठ पाहायला सांगावे लागते. ओठ सरळ केल्यावर बीड बसते ती जागा तारेच्या ब्रशने घासून, गंज काढून, बीड सीलर लावला आणि बॅलन्सिंग केले. त्यानंतर हवा टिकली. सीलर न लावता टायर चढवला तर महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार येते.

मोठा दणका बसल्यावर तपासायचा क्रम ठरलेला ठेवावा. सुरक्षित जागी थांबून बाहेरची साइडवॉल पाहायची. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांची आतली बाजू हाताने चाचपायची, कारण फुगा बऱ्याचदा आतच असतो. फुगा सापडला तर तिथेच स्टेपनी लावायची. फुग्यावर पॅच, ट्यूब, गरम व्हल्कनायझिंग असा कुठलाही इलाज नाही, तो टायर बाद. दुसऱ्या दिवशी थंड टायरची हवा मोजायची. ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरले तर पुढचे चाक, सीट थरथरली तर मागचे. आधी बॅलन्सिंगचे शिसे पडले आहे का ते पाहावे. बॅलन्सिंग मशीनवर रिम फिरताना नुसत्या डोळ्यांनी डोलताना दिसली तर शिसे वाढवून काही साधत नाही, आधी रिमच सरळ हवी. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे), पण त्याआधी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड हलवून पाहायला सांगावे. ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट आठवडाही टिकत नाही. वेगाबरोबर वाढणारी घूं घूं म्हणजे बेअरिंग.

उतरवलेल्या अलॉयबद्दल एक स्पष्ट मत. ओठाची किरकोळ वाक हायड्रॉलिक प्रेसवर काढायला हरकत नाही, फक्त नंतर डाय पेनिट्रंट (तडे दाखवणारा रंगीत द्रव) लावून केसासारखा तडा नाही ना ते बघून घ्यावे आणि फिरताना रिमचा डोल १ मिमीच्या आत आहे हे डायल गेजवर (डोल मोजायच्या काट्यावर) दाखवायला सांगावे. तडा गेलेला अलॉय वेल्डिंग करून पुढच्या चाकाला लावू नये. कारागीर कितीही चांगला असला तरी वेल्डच्या शेजारचा धातू तापून कमजोर झालेला असतो.

बसवतानाचे बारकावे: पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचे माप) ४×१००, म्हणजे चार भोके १०० मिमी व्यासावर; हब बोअर (रिमचे मधले भोक) ५४.१ मिमी. कंपनीचीच रिम घेतली तर मधले भोक जुळवणाऱ्या सेंटर रिंगची भानगड नाही. हबवरचा गंज घासून काढावा, नाहीतर रिम सपाट बसत नाही. नट एअर गनने फक्त टेकवावेत. शेवटचे आवळणे मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने, आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा एकदा. स्टेपनी १५ इंची स्टीलचीच असेल तर पाचही चाके एका मापाची होतात आणि रोटेशनमध्ये (चाकांच्या जागा आलटून-पालटून बदलताना) तीही घेता येते.

तोटे आहेत. वळणावर साइडवॉल जास्त झुकते, कशेडीच्या जुन्या घाटात गाडी आधीइतकी तत्पर वाटत नाही. व्हील कॅप खड्ड्यात उडते, केबल टायने दोन ठिकाणी बांधावी. रिमचा रंग सोललेल्या जागी कोकणच्या हवेत लगेच गंज धरतो, तिथे प्राइमर मारून घ्यावा. आणि आरामदायी वाटते म्हणून हवा कमी ठेवायचा मोह टाळावा. दाराच्या चौकटीवरच्या आकड्यापेक्षा हवा चार-पाच पीएसआय कमी असेल तर जादा उंचीचा फायदा बराचसा निघून जातो.

विम्याचे: साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत फक्त टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या ५० टक्के. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीची वजावट आहे आणि दावा केला की नो क्लेम बोनस जातो, म्हणून एका रिमसाठी दावा परवडत नाही. टायर-रिमचे वेगळे ॲड-ऑन घेताना फुगा आणि वाकलेली रिम दोन्ही त्यात आहेत का ते वाचावे. चाकाचे माप बदलल्याचे विमा कंपनीला ईमेलने कळवून उत्तर जपून ठेवावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तो जिवाच्या आणि शरीराच्या हानीसाठी आहे, चाकाचा खर्च त्यात येत नाही. तरीही राष्ट्रीय महामार्गावरचा खड्डा १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर किलोमीटरच्या दगडाचा आकडा सांगून नोंदवावा. मागून येणाऱ्या दुचाकीला तोच खड्डा जिवावर बेतू शकतो.