फ्रांकफुर्टची सात पाल्यांची पुडी

फ्रांकफुर्टमध्ये वसंत आल्याची वर्दी मला झाडांच्या पालवीआधी भाजीच्या गाळ्यांवर रचलेल्या पांढऱ्या कागदी गुंडाळ्या देतात. प्रत्येक गुंडाळीत सात प्रकारचा ताजा हिरवा पाला असतो आणि कागदावर बहुधा त्या सातांची नावे व एक छोटी पाककृती छापलेली असते. या पुडीतून होणाऱ्या थंड, न शिजवलेल्या सॉसला ‘ग्र्यूने झोसे’, म्हणजे हिरवा सॉस म्हणतात आणि स्थानिक बोलीत त्याचे ‘ग्री झोस’ होते. गेली काही वर्षे मी दर वसंतात ही पुडी आणत आलो आहे. ती चार जणांना पुरते, साधारण अडीचशे ग्रॅम भरते आणि चार युरोंच्या आसपास मिळते. या किमतीत वसंतातल्या भाज्यांना याहून चांगली जोड मला इथे सापडलेली नाही. मात्र पुडी आणल्या दिवशीच वापरायची आणि पाला हातानेच चिरायचा, या दोन अटी पाळाव्या लागतात.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवाराला जर्मनमध्ये ‘हिरवा गुरुवार’ असे नाव आहे. परंपरेने त्या दिवशी हा सॉस पहिल्यांदा पानात येतो आणि शरदातले पहिले कडक थंडीचे दहिवर पडेपर्यंत त्याचा हंगाम चालतो. 2016 साली युरोपीय संघाने या पुडीला भौगोलिक मानांकन दिले, त्यामुळे ‘फ्रांकफुर्टर ग्र्यूने झोसे’ हे नाव आता वाटेल त्या पाल्याला लावता येत नाही. पाला सातच प्रकारचा हवा आणि त्यातल्या कोणत्याही एकाचे वजन एकूण वजनाच्या 30 टक्क्यांहून अधिक असता कामा नये. हा नियम ग्राहकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण नियम नसता तर पुडी एखाद्या सहज पिकणाऱ्या पाल्यानेच भरली गेली असती.

ते सात पाले असे: बोराज, शेर्व्हिल, हळिवाचा पाला, पार्सली, पिंपिनेल, चुका आणि चाइव्ह. मराठी घरातून आलेल्या माणसाला यातले दोन चटकन ओळखीचे वाटतात. बाळंतिणीच्या लाडवात आपण जे हळीव घालतो, त्याच रोपाचा कोवळा पाला येथे ‘क्रेसे’ या नावाने पुडीत येतो. आपल्याला त्याचे बी ठाऊक असते, पण पाल्याचा मोहरीसारखा झणका बहुतेकांनी चाखलेला नसतो. दुसरा म्हणजे चुका. आपल्याकडच्या आंबट चुक्याचा हा युरोपीय भाऊबंद. त्याची पाने लांबट असतात आणि आंबटपणा तसाच स्वच्छ असतो. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असते, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी हा सॉस बेतानेच घ्यावा. चाइव्ह कांद्याच्या कुळातला, परंतु कांद्याच्या पातीहून पुष्कळ बारीक आणि सौम्य. शेर्व्हिल कोथिंबिरीच्या कुळातले असून त्याला बडीशेपेचा हलका वास असतो. सातांत सर्वांत नाजूक तेच आणि पुडी शिळी असेल तर सर्वांत आधी मान टाकते तेही तेच. पिंपिनेलच्या कातरलेल्या छोट्या पानांना आणि बोराजच्या जाड, लवदार पानांना काकडीची चव असते. बोराजचे पान नुसते चावले तर ती लव जिभेला टोचते, म्हणून ते इतरांपेक्षा बारीक चिरणे आवश्यक आहे. सोव्याला मात्र फ्रांकफुर्टच्या पुडीत जागा नाही. फ्रांकफुर्ट ज्या हेसेन राज्यात आहे, त्याच्याच उत्तरेकडील कासेल परिसरात तो घालतात आणि त्यावरून दोन्हीकडचे लोक मनापासून वाद घालतात. सोव्याची चव बाकीच्यांना झाकून टाकते, त्यामुळे या बाबतीत मी फ्रांकफुर्टकरांच्या बाजूने आहे.

सॉसची कृती सोपी असली तरी घाईची नाही. पाला भरपूर पाण्यात दोन-तीन वेळा धुवावा लागतो, कारण चुका आणि पार्सलीच्या देठांत माती अडकलेली असते. त्यानंतर तो कापडावर पसरून पूर्ण कोरडा करावा आणि जाड देठ काढून टाकावेत. ओला पाला चिरला तर सॉस पातळ होतो, आणि तो नंतर कशानेही दाट होत नाही. चिरण्यासाठी धारदार मोठी सुरी किंवा येथे मिळणारी दोन मुठींची अर्धगोल सुरी वापरावी. पहिल्या वर्षी वेळ वाचवण्यासाठी मी सगळा पाला मिक्सरमधून काढला. तेव्हा पाने चिरली न जाता चेचली गेली, पाणी सुटले, रंग गढूळ झाला आणि सातही चवी मिसळून एकच गवताळ कडवटपणा उरला. हाताने चिरल्यावर मात्र एका घासात चुका लागतो, दुसऱ्यात हळिवाचा झणका येतो, आणि या पुडीची सारी किंमत त्यातच आहे.

चार उकडलेल्या अंड्यांचे पिवळे बलक दोन चमचे तेल आणि एक चमचा मोहरीच्या तयार चटणीबरोबर घोटावेत. अंडी उकडणे सोडले तर या सॉससाठी विस्तव पेटवावा लागत नाही. त्यात 250 ग्रॅम दही आणि 200 ग्रॅम आंबट साय मिसळावी. साईऐवजी श्मांड नावाची अधिक स्निग्ध साय घेतली तर सॉस पानावर छान उभा राहतो, परंतु चुक्याचा आंबटपणा दबतो. महाराष्ट्रात असा पाला कोणी जमवलाच, तर ताज्या चक्क्यात थोडे दही कालवून घ्यावे. चिरलेला पाला, अंड्यांचे बारीक केलेले पांढरे भाग, मिरपूड आणि लिंबाचा थोडा रस त्यात घालून भांडे तासभर थंड जागी ठेवावे. मीठ वाढण्याच्या थोडेच आधी घालावे, कारण ते पाल्याचे पाणी सोडवते. काही घरांत कांदा आणि अंड्याचे मेयोनेझ घालतात. मी दोन्ही करून पाहिले आणि दोन्ही सोडून दिले.

हा सॉस पारंपरिक रीतीने उकडलेले बटाटे आणि अर्धी कापलेली अंडी यांच्याबरोबर खातात, पण तो खरा खुलतो पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसबरोबर. मातीच्या उंच वरंब्याखाली वाढल्यामुळे ऊन न लागलेले हे कोंब पांढरे राहतात आणि त्यांचा हंगाम 24 जूनला संपतो. त्यांच्यावर सहसा लोणी आणि अंड्यांचा कोमट हॉलंडेझ सॉस ओततात. तो घोटताना फाटण्याची भीती असते आणि त्याच्या जडपणाखाली कोंबाचा मंद गोडवा हरवतो. हिरव्या सॉसचा आंबटपणा तो गोडवा पुढे आणतो. कोंब मात्र शेंड्याखालून बुडाकडे नीट सोलून, मीठ आणि चिमूटभर साखर घातलेल्या पाण्यात मऊ करावेत आणि निथळून कोमट झाल्यावरच सॉसबरोबर वाढावेत. कच्च्या नवलकोलाच्या फोडी, कोवळी गाजरे आणि लाल मुळे यांच्याबरोबरही तो उत्तम लागतो, मग तर काहीच शिजवायचे उरत नाही.

पुडी कुठून घ्यावी, याने मोठा फरक पडतो. एका मोठ्या दुकानातून शनिवारी संध्याकाळी आणलेल्या पुडीत शेर्व्हिल काळे पडलेले आणि चाइव्हचे टोक पिवळे झालेले निघाले. कागद बंद असल्यामुळे ते घेताना दिसले नव्हते. तेव्हापासून मी कागद थोडा उघडून दाखवायला सांगतो आणि मंडईतल्या गाळेवाल्यांनी कधी हरकत घेतलेली नाही. शहराच्या मध्यावरील क्लाइनमार्क्टहाले या मंडईत सकाळी ताजा माल मिळतो. वेळ असेल तर माइन नदीच्या दक्षिणेकडील ओबरराड भागात जावे, जिथे हा पाला पिढ्यान्‌पिढ्या पिकवला जातो. तेथे 2007 साली या सॉसचे स्मारकही उभारले गेले: सात छोटी काचघरे, प्रत्येकाची हिरवी छटा वेगळी. एका खाद्यपदार्थाला इतका मान दिलेला पाहून मला मनापासून आनंद झाला.

डब्यात तयार मिळणारा सॉस मी तीनदा घेऊन पाहिला आहे आणि त्याची शिफारस करवत नाही. त्यात आंबटपणा व्हिनेगरचा असतो, चुक्याचा नव्हे. पुडीबद्दल माझी तक्रार एवढीच की कागदावर पाला खुडल्याचा दिवस छापलेला नसतो. तो छापला तर परगावच्या आणि नव्याने आलेल्या ग्राहकाची फसगत टळेल. उरलेला सॉस झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगला राहतो, आणि माझ्या घरी तो गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर संपतो.