व्हीपीएन घेतलं, पण खरी गडबड घरच्या राउटरमध्ये निघाली (८ महिन्यांनंतर)

मी सांगलीत घरून अकाउंट्सची कामं करते, महिन्यातून एकदा पुण्याला जावं लागतं. लॅपटॉपमध्ये लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, सगळं असतं. एकदा पुण्यात लॉजवरचं वायफाय जोडलं होतं, फाइल शोधता शोधता 'नेटवर्क'वर क्लिक झालं तर तिथे दुसऱ्याच कुणाचा तरी कॉम्प्युटर दिसायला लागला, आत 'स्कॅन' नावाचं फोल्डर, पासवर्ड वगैरे काहीच मागत नव्हतं. मी उघडलं नाही, पण पोटात गोळाच आला, मला याचं दिसतंय म्हणजे माझंही कुणाला तरी दिसत असणार ना. बघितलं तर तसंच, माझ्या विंडोजमध्ये ते नेटवर्क 'प्रायव्हेट' म्हणून सेट झालेलं आणि शेअरिंग चालू. घराबाहेर ते 'पब्लिक' ठेवायचं असतं, तेवढं केलं की लॅपटॉप बाकीच्यांना दिसत नाही. पहिलं हे करा, फुकट आहे.

त्या धास्तीत मी वर्षाचं व्हीपीएन, म्हणजे आपलं सगळं नेट कुलूपबंद करून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा, घेऊन टाकलं. वाईट नाहीये, पण २०२२ मध्ये सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायचा नियम आणला तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढले, त्यामुळे बऱ्याचदा आपण बाहेरच्या देशातून आल्यासारखे दिसतो, आणि मला लागणारं एक सरकारी पोर्टल तसं उघडतच नाही. ऐन रिटर्नच्या शेवटच्या तारखेला बंद करूनच काम करावं लागलं. आणि एचटीटीपीएस साइटवर (पत्ता https ने सुरू होतो ती) आपण टाकलेला पासवर्ड तसाही एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊनच जातो. व्हीपीएनने वायफायवाल्याला आपण कुठल्या साइटवर गेलो ते कळत नाही, पण ते आता व्हीपीएनवाल्याला कळतं, एवढाच फरक. मी रिन्यू करणार नाही.

आता घरचं. नेट जोडायला आलेल्या दादांनी पासवर्ड म्हणून माझा मोबाईल नंबर टाकला होता, "ताई, लक्षात राहील" म्हणाले. तोच नंबर दाराबाहेरच्या माझ्या पाटीवर आहे! आणि पाटी नसती तरी काय, आपले नंबर ६, ७, ८ नाहीतर ९ ने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. कुणी रस्त्यावर गाडीत बसून आपला फोन वायफायला जोडला जातानाची देवाणघेवाण पकडली तर पुढचा अंदाज घरी बसून लावता येतो, चांगलं गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १० लाखांच्या वर पासवर्ड तपासतं. करा हिशोब, साधारण तासाभराचं काम. हा हिशोब मी वहीत मांडला आणि त्याच रात्री पासवर्ड बदलला, एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. राउटरचं ॲडमिन लॉगिन तर 'ॲडमिन-ॲडमिन'च होतं, तेही बदललं. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद केलं, त्याचा पिन ८ आकडी असला तरी दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे ११ हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ पासून माहीत असलेलं आहे आणि माझ्या राउटरवर ते चालूच होतं.

डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) लावलं तर जुना प्रिंटर रुसला, मग जुनं डब्ल्यूपीए२ आणि ३ मिक्स ठेवलं. टीव्ही, कॅमेरा आणि पाहुणे गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे त्याच राउटरच्या वेगळ्या नावाच्या आणि वेगळ्या पासवर्डच्या वायफायवर. भाचरं आली की पहिला प्रश्न "मावशी, पासवर्ड?" हाच असतो, आता बिनधास्त देते.

स्टेशनवरच्या वायफायचं विचाराल तर, २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेली ती सोय चांगलीच आहे, गाडीची वेळ बघायला मी वापरते. पण ओपन (बिनपासवर्डचं) नेटवर्क आहे, त्याच नावाचं दुसरं कुणीही उभं करू शकतं आणि लॅपटॉप जुनं नाव बघून आपोआप जोडला जातो. म्हणून ऑटो कनेक्ट बंद, काम झालं की 'फरगेट' करून ते नाव लॅपटॉपमधून काढून टाकायचं. ब्राउझरने सर्टिफिकेटची वॉर्निंग (ही साइट खरी असल्याची खात्री पटत नाही अशी सूचना) दिली तर पुढे जायचं नाही, कितीही घाई असो. क्लायंटचं काम असेल तर सरळ फोनचा हॉटस्पॉट, फोन तापतो आणि बॅटरी उतरते, पॉवर बँक सोबत ठेवते.

आईचा लॅपटॉप अजून विंडोज १० वर आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तो सध्या गेस्टवर टाकलाय आणि त्यावरून बँकेचं काही करायचं नाही असं तिला सांगितलंय. गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे नवीन कनेक्शन आलं, पासवर्ड विचारला तर त्यांचाच मोबाईल नंबर. दादा जिना उतरायच्या आत थांबवलं आणि काकूंसमोर बसून बदलून घेतला.