१०९८ : मूल सापडतं, पुढे काय?

फलाटावर एकटं, दप्तराशिवाय, शाळेच्याच गणवेशात बसलेलं पोर दिसलं तर १०९८ लावा. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली मुलांसाठीची ही हेल्पलाइन २०२३ पासून मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली सरकारी यंत्रणेकडे आली, ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. फोनवर स्टेशन, फलाट क्रमांक, जवळची खूण, अंदाजे वय आणि कपडे सांगा. कोणी येईपर्यंत मुलाजवळ थांबा, पण चारचौघांच्या नजरेसमोर. घरी नेऊ नका. आधी पाणी, वडापाव द्या. "का पळालास?" असं लगेच विचारलं की मूल नाव खोटं सांगतं आणि गाव भलतंच.

बालन्याय कायदा, २०१५ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मुलाला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे मूल कोणाकडे सोपवायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीपुढे, न्यावं लागतं. इथपर्यंतची सेवा भरवशाची आहे, बिनधास्त वापरा.

गाडं अडतं ते सामाजिक तपासणी अहवालापाशी, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती पाहून समितीसाठी लिहिलेल्या अहवालापाशी. त्याला कायद्याने १५ दिवस दिलेत. पण "वडील मजूर, आई गृहिणी, घरची परिस्थिती बेताची" एवढ्यावर अहवाल उरकला तर त्यातून काहीच कळत नाही. मूल रात्री झोपतं कुठे, हे बघायला हवं. एकाच खोलीत बाप पिऊन आला की पोर भांडण मिटेपर्यंत जिन्यावर बसून राहतं. आधी शेजारी, मग मावशीकडे आणि शेवटी गाडीत, अशी ही पायरी-पायरीने वाढत जाणारी वाट असते. मावशीकडे कितीदा गेलं होतं, हे विचारलं की निम्मं उत्तर मिळतं. खात्यापित्या घरातली मुलंही पळतात : निकालाचा दिवस, चुलतभावाशी तुलना, हिसकावलेला मोबाइल.

समितीपुढे आई-वडील रडतात, मनापासून रडतात. पण समुपदेशनाशिवाय मूल हवाली केलं तर घरी मारायला पुन्हा तोच पट्टा निघतो, वर "पळपुटा" हे नाव चिकटतं. दुसऱ्यांदा मूल लांबची गाडी पकडतं आणि शोधणं अवघड होतं.

म्हणून पालकांनो, ताबा घेताना वैयक्तिक काळजी आराखड्याची (मुलासाठी पुढे काय करायचं ते लिहिलेला कागद) प्रत आणि गृहभेटीची तारीख मागून घ्या. एकल पालक असाल तर राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्जही त्याच वेळी विचारा. पात्र ठरल्यास महिना २,२५० रुपये मिळतात. भेटीला कोणी आलं नाही, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी अर्ज द्या आणि पोचपावती जपून ठेवा.