परसबागेतील ठिबक संच : एका उन्हाळ्याच्या वापरानंतर

या ठिबक संचाबद्दल मी मार्चमध्ये लिहिले असते, तर ती निव्वळ तक्रार झाली असती. आज, मे संपत आला असताना, तक्रार कायम आहे. मात्र ती संचाच्या कामगिरीबद्दल नसून फिल्टरच्या झाकणातील एका रबरी वॉशरबद्दल आहे, आणि त्या वॉशरवर मी या लेखात बरीच जागा खर्च करणार आहे. संचात काय काय असते हे वाचकांना ठाऊक असेलच : सोळा मिलिमीटरची मुख्य नळी, चार मिलिमीटरच्या बारीक नळ्या, ताशी दोन लिटर पाणी थेंबाथेंबाने सोडणारे ड्रिपर, जाळीचा फिल्टर, एंड कॅप (नळीच्या टोकाचे बूच) आणि वेगळा विकत घ्यावा लागणारा टायमर. आमचे घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आहे, जमीन जांभ्याची, विहीर अंगणातच. परसात वांगी, मिरची, भेंडी, दुधी, काकडी आणि तांबडी भाजी (लाल माठ) असते. डिसेंबरअखेर जोडलेल्या या संचावर चाळीस ड्रिपर आहेत.

प्रथम दाबाविषयी, कारण वेष्टनावरचा आकडा आणि वाफ्यात पडणारे पाणी यांत येणारा फरक तिथूनच सुरू होतो. ड्रिपरवर लिहिलेले ताशी दोन लिटर हे साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाला मिळतात. आमची पाचशे लिटरची काळी टाकी न्हाणीघराच्या स्लॅबवर आहे, म्हणजे वाफ्यांपासून जेमतेम अडीच मीटर उंच. साध्या ड्रिपरमध्ये दाब चौथाई झाला की पाणी निम्म्यावर येते, त्यामुळे आमच्याकडे एका ड्रिपरमधून ताशी एक लिटरच्या आसपास पाणी पडते. हे मी मोजमापाचे भांडे लावून पाहिले आहे. यात संचाचा दोष काही नाही. वेळ दुप्पट ठेवली की काम भागते. परंतु विक्रेत्याने ही गोष्ट वेष्टनावर छापायला हवी, कारण गोव्यातल्या गावांत बहुतेक घरी पंपाने टाकी भरून तिथूनच पाणी खाली सोडतात. दाब नियंत्रित करणारे महागडे ड्रिपर अशा टाकीवर घेऊ नयेत, त्यांना मुळातच जास्त दाब लागतो. टायमरचेही तसेच आहे. विक्रेत्याने आधी पाठवलेला टायमर सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या, झडपेचा होता आणि ती झडप एवढ्या कमी दाबावर नीट उघडत नव्हती. तो परत करून बॉल व्हॉल्व्हचा (आत फिरणाऱ्या गोळ्याच्या झडपेचा) मागवला, तो टाकीच्या पाण्यावर विनातक्रार चालतो.

परसातली जमीन उतरती असल्यामुळे खालच्या ओळीला पाणी थोडे जास्त मिळते. तिथे दुधी आणि काकडी लावली, प्रश्न मिटला.

आता फिल्टर. जांभ्यात लोह भरपूर असते आणि ते विहिरीच्या पाण्यात विरघळून येते. पाणी उपसताना स्वच्छ दिसते. हवा लागली की त्यातले लोह तांबूस गाळाच्या रूपाने खाली बसू लागते, आणि लोहावर वाढणारे जीवाणू नळीच्या आत बुळबुळीत थर धरतात. आमच्या न्हाणीघरातल्या बादल्यांना जो विटकरी रंग चढतो, तोच हा गाळ. ड्रिपरचे छिद्र इतके बारीक असते की हा थर त्याला सहज बुजवतो. फेब्रुवारीच्या अखेरीस एकेक वांगे मान टाकू लागले तेव्हा पाहिले, तर ओळीतले निम्मे ड्रिपर कोरडे होते. उघडता येणारे ड्रिपर असते तर घासून काढले असते. या संचातले ड्रिपर बंद घडणीचे आहेत, म्हणून ते सोडवून रात्रभर लिंबूसताच्या पाण्यात भिजत ठेवावे लागले. बरेचसे मोकळे झाले, काही टाकून द्यावे लागले. त्यानंतर टाकीच्या तळापासून वीतभर उंचीवर ठिबकसाठी वेगळा नळ बसवून घेतला, म्हणजे तळाचा गाळ नळीत जात नाही, आणि दर आठवड्याला एंड कॅप काढून नळ्यांतून पाणी जोराने वाहू द्यायचा नेम ठेवला. तेव्हापासून ड्रिपर बुजणे जवळजवळ थांबले आहे. फिल्टरची जाळी 120 मेशची (इंचाला 120 छिद्रांची) आहे आणि ती आपले काम चोख करते. त्याचे भांडे पारदर्शक असल्यामुळे उन्हाने आत शेवाळ धरते. त्यावर काळे फडके गुंडाळले की तेही थांबते.

पण आठवड्याला फिल्टर धुवायचा म्हणजे आठवड्याला झाकण उघडायचे, आणि इथे तो वॉशर आडवा येतो. एप्रिलच्या सुरुवातीला तो सैल पडला आणि झाकणातून पाणी झिरपू लागले. फिल्टर टाकी आणि टायमर यांच्यामध्ये असल्यामुळे टायमर बंद असतानाही ही गळती चालूच राहते. खाली लिटरभराचा तांब्या ठेवला, तो पंधरा मिनिटांत भरला. याचा अर्थ दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी वाया जात होते, आणि आमच्या चाळीस झाडांना दिवसभरात लागते चाळीस लिटर. पाणी वाचवण्यासाठी घेतलेली वस्तू बागेच्या दुपटीहून अधिक पाणी जमिनीवर सांडत होती, तीही विहिरीचा तळ दिसू लागण्याच्या दिवसांत.

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, तेव्हा वॉशर वेगळा मिळत नाही, पूर्ण फिल्टर साडेतीनशे रुपयांना घ्यावा लागेल, असे उत्तर मिळाले. वॉरंटी एक वर्षाची आहे असे म्हटल्यावर त्यांनी फिल्टरचे छायाचित्र मागवले, त्यातला तांबूस रंग पाहिला आणि पाणी अशुद्ध असल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही, असे कळवले. हे उत्तर मला आजही मान्य नाही. फिल्टर अशुद्ध पाण्यासाठीच असतो. जाळीत गाळ सापडणे ही तो नीट चालल्याची खूण आहे, आणि गाळाचा झाकणाच्या रबराशी काही संबंध नाही. मी हे सर्व लेखी कळवले, दोनदा आठवण केली, पण उत्तर बदलले नाही. अखेर शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला जाणे होतेच, तेव्हा जुना वॉशर पिशवीत घालून नेला. नळाच्या सामानाच्या दुकानदाराने तो बोटावर फिरवून पाहिला आणि म्हणाला, "बाय, हा नेहमीच्याच मापाचा आहे, दोन न्या, एक सांभाळून ठेवा." दोन्हींचे मिळून वीस रुपये झाले. घरी येऊन बसवला, गळती त्याच संध्याकाळी थांबली. जो सुटा भाग कोणत्याही बाजारपेठेत दहा रुपयांना मिळतो, तो संचाच्या खोक्यात एक जास्तीचा घालायला कंपनीला काय अडचण आहे, हे मला समजू शकलेले नाही. निदान त्याचे माप तरी माहितीपत्रकात छापावे.

टायमरबाबत मात्र माझे मत पूर्ण बदलले. संचाच्या अठराशे रुपयांवर आणखी चोवीसशे रुपये केवळ नळ उघडण्या-मिटण्यासाठी द्यावेत, हे मला पटत नव्हते. यजमानांच्या आग्रहामुळे तो घेतला. एप्रिलच्या अखेरीस नात्यातल्या लग्नासाठी सर्वजण सावंतवाडीला गेलो आणि घर काही दिवस बंद राहिले. पूर्वी अशा वेळी शेजारच्यांवर ओझे टाकावे लागे, आणि त्यांचीही परसे याच उन्हात असतात. परत आल्यावर पाहिले तर भेंडी तोडायला आलेली होती आणि एकही झाड सुकलेले नव्हते. त्याहून मोठा फायदा रोजच्या दिवसाचा आहे. मे महिन्यात आमच्या घरी सकाळचा प्रत्येक तास मोलाचा असतो : पावसाळ्याच्या पुरुमेताची (साठवणीच्या जिनसांची) तयारी चालू असते, सोले (कोकमे) वाळत घालायची, कैऱ्या मिठात मुरवायच्या, पापड ऊन चढण्याआधी गच्चीवर पसरायचे, त्यातच पाहुणे आणि सुट्टीवर आलेली मुले. त्या गडबडीत पहाटे अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास पाणी आपोआप सुटते, हे मला आता चैन वाटत नाही. एक सूचना मात्र अवश्य पाळावी : टायमरचे सेल महिनाभराने काढून पाहावेत. इथल्या दमट हवेत त्यांच्या टोकांना हिरवट थर चढतो, आणि झडप उघडी असताना सेल संपले तर टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहत राहते.

पाण्याचा हिशेब सांगायचा तर पाइपने पाणी घालत असताना टाकी दोन-तीन दिवसांत रिकामी होई, आता आठवडा सहज निघतो. अर्थात त्याचे श्रेय एकट्या ठिबकला देता येणार नाही. फणस आणि काजूच्या पाल्याचे जाड आच्छादन आणि पश्चिमेकडून बांधलेला माडाच्या चुडतांचा (झावळ्यांचा) आडोसा यांचा त्यात मोठा वाटा आहे. आच्छादनाशिवाय ठिबकचे पाणी दुपारपर्यंत उडून जाते, हे एका वाफ्यावर पाला न घालता पाहिले आहे. सासूबाई तांदळाचे धुवण आणि भाज्या धुतलेले पाणी अजूनही जपून ठेवतात; ते अळूला आणि केळीला घालावे, ठिबकच्या टाकीत कधीही ओतू नये, कारण त्यातला पिठूळ अंश फिल्टर लगेच बुजवतो.

तांबड्या भाजीसाठी हा संच निरुपयोगी आहे. ती वाफ्यात दाट पेरलेली असते आणि ड्रिपरखालचा तळहाताएवढा भागच भिजतो, तेव्हा तिला झारीच हवी. वांगी आणि मिरचीच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागते. गोव्यात जीवाणूजन्य मर रोग या पिकांना फार सतावतो : हिरवेगार झाड एकाएकी कोमेजते, आणि खोड कापून पेल्यातल्या पाण्यात धरले की कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसतात. असे दिसले की झाड मुळासकट उपटून जाळावे. ओली माती या रोगाला पोषक असते, त्यामुळे ड्रिपर खोडाला चिकटून न ठेवता चार बोटे दूर ठेवावा. पाने कोरडी राहिल्यामुळे काकडीच्या वेलावर यंदा डाग कमी पडले, हा लाभ मात्र स्पष्ट दिसला.

ज्यांची झाडे दहा-बाराच आहेत, त्यांनी एवढा खर्च करू नये. न भाजता सुकवलेले नव्हे, तर भाजलेले, पण झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले की मुळांना लागेल तसे पाणी पाझरत राहते, आणि त्यात बुजणारे ड्रिपर नाहीत की सेलही नाहीत. वीस-पंचवीस झाडांच्या पुढे मात्र मडकी भरत फिरणे जड जाते. तिथे ठिबकच घ्यावे, परंतु उघडता येणारे ड्रिपर आणि बॉल व्हॉल्व्हचा टायमर मागूनच घ्यावा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येईल, त्याआधी संच उतरवायचा आहे. नळ्या धुऊन, पाणी पूर्ण निथळवून माळ्यावर टांगून ठेवाव्यात, जमिनीवर ठेवल्यास उंदीर कुरतडतात; बारीक नळ्यांचे दोन तुकडे खारींनी याच उन्हाळ्यात तोडले आहेत. टायमरमधले सेल काढून तो डब्यात ठेवावा. पुढच्या डिसेंबरात ड्रिपर सगळे बदलणार आहे, फिल्टर हाच ठेवणार आहे.