बारावी झाली, पुढे काय? बीएफए, एटीडी आणि घरचा सराव

चित्रकार व्हायचं असं मनाशी ठरलेल्यांपुढे महाराष्ट्रात बारावीनंतर साधारण तीन वाटा असतात: चार वर्षांचं बीएफए (ललितकलेची पदवी), दोन वर्षांची कला शिक्षक पदविका (एटीडी), किंवा दुसरं शिक्षण नाहीतर नोकरी सांभाळून स्वतः केलेला सराव. आपल्यात आत्ता नेमकं काय कमी आहे, ते पाहून यातली वाट धरावी.

बीएफएला राज्याची सीईटी लागते. वस्तुचित्र (समोर मांडलेल्या वस्तूंचं), संकल्पचित्र (डिझाइन), स्मरणचित्र (आठवणीतून काढलेला प्रसंग) आणि सामान्यज्ञान असे तिचे भाग. (मुंबईचं सर जे.जे. कला महाविद्यालय 2023 पासून अभिमत विद्यापीठ आहे, त्यामुळे तिथली प्रवेशाची माहितीपुस्तिका वेगळी वाचा.) गुण जातात ते ठरलेल्या जागी. वस्तुचित्रात मडक्याच्या तोंडाचा लंबगोल नीट काढतात आणि बूड मात्र सरळ रेषेने बंद करतात. भांडं नजरेच्या खाली असेल तर बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त फुगीर दिसतो. तो चपटा झाला की मडकं कलंडल्यासारखं वाटतं. स्मरणचित्रात मागची माणसं लहान काढताना त्यांची डोकीही खाली उतरवतात. सपाट जमिनीवर, उभ्या माणसाच्या नजरेतून पाहिलं, तर सारख्या उंचीच्या सगळ्यांची डोकी क्षितिजरेषेवरच राहतात, पाय तेवढे वर सरकतात. ही चूक झाली की मागची माणसं खड्ड्यात उभी वाटतात.

कॉलेजचा खरा फायदा म्हणजे समोर बसलेलं मॉडेल आणि चूक दाखवणारे शिक्षक-सोबती. घरी या दोन्ही गोष्टी मिळणं अवघड. फक्त शाखा कोणती, रेखा व रंगकला (चित्रकला) की उपयोजित कला, हे नीट ठरवा. जाहिरात, बोधचित्रं, अक्षररचना यांत रस नसताना 'नोकरी लागेल' म्हणून उपयोजित घेणारे पुढे कंटाळतात.

एटीडीचा रोख शाळेतल्या चित्रकला शिक्षकाच्या पदावर आहे. त्यात सगळं थोडं थोडं शिकवतात, शिवाय पाठ घ्यावे लागतात. मुलांना शिकवायची आवड असेल तर चांगलं. पण शाळांतली भरती रडतखडत चालते, आणि रंगचित्रणाची खोली दोन वर्षांत येत नाही. पुढे एमएफएचा (कलेच्या पदव्युत्तर पदवीचा) विचार असेल तर एटीडी पुरणार नाही, त्यासाठी कलेची पदवी लागते.

घरच्या सरावाला शिस्त लागते आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. रोज एसटी स्टँड किंवा बाजारात बसून दोन-दोन मिनिटांची वीस रेखाटनं, तीही पेनने, म्हणजे खोडायची सोयच नाही. आठवड्यातून एकदा आरशात पाहून दोन तासांचं स्वतःचं व्यक्तिचित्र. जलरंगाला 300 जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद, 11×15 इंचांचा. पातळ कागद ओला झाला की फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना एवढ्या ट्यूब पुरे. काळा नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून जिवंत गडद रंग मिळतो. अर्धवट सुकलेल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवला की रंग मळतो. महिन्यातून एकदा कुणा जाणत्याला काम दाखवायची सोय मात्र हवीच. बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या जुन्या संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांसाठी चित्रं पाठवता येतात. नाकारली गेली तर निवडलेली जाऊन पाहावीत.

निर्णय होत नसेल तर गेल्या तीन महिन्यांतली सगळी चित्रं जमिनीवर मांडा. बहुतेक मोबाइलमधल्या फोटोवरून काढलेली असतील तर बीएफए घ्या, कारण तुम्हाला प्रत्यक्ष पाहून काढायची सक्ती हवी आहे. समोर बघून काढलेली भरपूर असतील आणि घरची ओढाताण असेल तर नोकरीसोबतचा सरावही चालून जाईल.

बीएफए ठरलंच तर पसंतीक्रम भरण्याआधी त्या-त्या कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन पाहून या. सगळ्या विद्यार्थ्यांची चित्रं एकाच हातची वाटली, तर तिथे शिक्षकांची शैली गिरवली जाते. ते नाव यादीत खाली ढकला.