रोख पद्धत की उपार्जित पद्धत?

वर्षाच्या शेवटच्या महिन्यात काम पूर्ण करून बिल दिलं, पैसे मात्र पुढच्या वर्षी आले. मग कर कोणत्या वर्षी? हिशेब ठेवण्याच्या रोख पद्धतीत पैसे आले त्या वर्षी. उपार्जित पद्धतीत बिल झालं त्याच वर्षी.

एकट्याने काम करणाऱ्यांना मी रोख पद्धतच सुचवेन, अर्थात कायदा मुभा देत असेल तर. न मिळालेल्या पैशांवर खिशातून कर भरावा लागत नाही. उधारी बुडाली, तर आधीच भरलेला कर परत मिळवण्याची खटपटही नको. बँक खात्याचा उतारा आणि पावत्या जुळवल्या की बराचसा हिशेब होतो. मात्र खर्चालाही हाच नियम: पैसे दिले तेव्हाच वजावट. यंत्रसामग्रीसारख्या मोठ्या खरेदीचा घसारा (वापराने कमी होत जाणारी किंमत) सहसा वेगळा, वर्षागणिक धरतात. आणि आगाऊ घेतलेली रक्कम बहुधा मिळाली त्याच वर्षाचं उत्पन्न ठरते. हे फार जण विसरतात.

मालाचा साठा आणि उधारी मोठी असेल, तर खरा नफा उपार्जित पद्धतच दाखवते. अनेक देशांत ठरावीक उलाढालीपुढे तीच सक्तीची आहे.

सोयीप्रमाणे दरवर्षी पद्धत बदलता येत नाही. बदलण्याआधी कर खात्याचे नियम नीट वाचा.