केमिस्ट्रीच्या मास्तरला मिठात गंडवलं

आकडा आधीच सांगून टाकतो: समुद्री माशांच्या टाकीपायी 2,98,400 रुपये बुडाले. बायकोला मी दीड लाख सांगितला होता, तिने पासबुक काढून खरा शोधला. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहितोय.

मी डोंबिवलीत राहतो, ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवतोय. गोड्या पाण्याची टाकी आमच्याकडे आठ वर्षं होती आणि व्यवस्थित होती. लहानपणी वडील तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे, तेव्हापासून समुद्राची टाकी डोक्यात बसलेली. म्हणजे चार रील बघून हुरळून जाणाऱ्यातला मी नव्हे. हे मुद्दाम लिहितोय, कारण स्टाफरूममध्ये सध्या तसंच बोललं जातं.

टाकी लावून देणारा तो दुकानदार मला एका ओळखीच्यांच्या घरी भेटला. त्यांच्या हॉलमध्ये त्याने लावलेली रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ असलेली समुद्री टाकी होती, बघत राहावी अशी. ती लावून जेमतेम दहा दिवस झाले होते हे मला नंतर कळलं. पुढच्या महिन्यात तीही कोलमडली. कुणी टाकी दाखवायला नेलं तर पहिला प्रश्न हा विचारा: लावून किती महिने झाले? वर्षाच्या आतली असेल तर चहा प्या आणि निघा.

त्याची बोलण्याची पद्धत अशी, "सर, तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तर केमिस्ट्रीवाले." हे वाक्य त्याने पहिल्या भेटीत चार वेळा तरी म्हटलं असेल. दरवेळी मी थोडा फुगलो. एरवी मी जे दहा प्रश्न विचारले असते ते त्या वाक्यामुळे पोटातच राहिले. केमिस्ट्रीवाल्याने विचारायचे कसे?

कोटेशन असं होतं. चार बाय दोन बाय दोन फुटांची 12 मिलिमीटर काचेची टाकी, खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी) आणि कॅबिनेट, 62,000. "जर्मन" प्रोटीन स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, 28,500. पाणी थंड ठेवणारा अर्धा एचपी चिलर 38,000. लाइट 24,000. लाइव्ह रॉक (जिवाणू बसलेला समुद्रातला प्रवाळाचा खडक) 40 किलो, साडेसहाशेच्या भावाने 26,000. मीठ 9,500. एकूण 1,88,000. स्किमरवरचं जर्मन स्टिकर महिन्याभरात पाण्याने सुटलं, खाली चिनी अक्षरं. चिलर जुना होता, नवीन रंग मारलेला. ते सोडा, त्यात मी एकटाच फसलो नसेन. मला जाळतंय ते मीठ.

10 फेब्रुवारीला, सोमवारी, मीठ घालायला तो पोतं घेऊन आला. डबा नाही, लेबल नाही. पांढरं साधं पोतं, तोंड सुतळीने शिवलेलं. बायको दारातच म्हणाली, "अहो, हे वाण्याकडच्यासारखं दिसतंय." त्यावर मीच, होय मीच, तिला समजावलं की इंपोर्टेड माल मोठ्या पॅकमधून सुटा करून देतात. त्याला तोंड उघडावंही लागलं नाही. साडेचारशे लिटर पाण्याला सोळा-एक किलो मीठ लागतं, लिटरला साधारण 35 ग्रॅम. तो हिशोब मी तिथल्या तिथे तोंडी करून दाखवला आणि स्वतःवरच खूष झालो. त्याने हायड्रोमीटर बुडवला, काटा 1.025 वर. समुद्राचं पाणी!

आता बघा, घनता मोजणाऱ्या यंत्राला कुठलं मीठ विरघळलंय याच्याशी देणंघेणं नसतं. खडेमीठ टाकलं तरी 1.025 येतं. हे मी दर वर्षी शिकवतो.

रविवारी, 16 तारखेला तो अमोनियाची टेस्ट घेऊन आला. बारावीची परीक्षा नुकतीच सुरू झालेली, सुपरव्हिजनच्या ड्युटीने मी पार पिचलेलो. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात. आमच्या टाकीला सहा दिवस झाले होते. तो म्हणाला, "माझा लाइव्ह रॉक आहे सर, त्यात सगळं तयार असतं." काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घेतलं, दोन्ही बाटल्यांचे थेंब टाकले, झाकण लावून हलवलं आणि लगेच उजेडात धरलं. पिवळं. पिवळं म्हणजे शून्य. किटसोबतच्या रंगांच्या कार्डवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पाच मिनिटं थांबून रंग बघा. मी वाचलं. मी "थांबू या का जरा" असं म्हणायला तोंडही उघडलं. तेवढ्यात तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि नळी बेसिनमध्ये ओतून नळाखाली धुऊन घेतली. पाणी वाहत होतं आणि मी मागे नॅपकिन घेऊन उभा. त्याला हात पुसायला.

बावीस वर्षं मी प्रॅक्टिकलला पोरांना ओरडतोय की रिॲक्शनला वेळ द्या, घाईने रंग लिहिला तर मार्क कापीन. माझे स्वतःचे कापायला तिथे कुणी नव्हतं.

त्याच दिवशी मासे आले. क्लाउनफिशची जोडी, एक ब्लू टँग मासा, एक मँडरिन मासा आणि एक जांभळा ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव), सगळे मिळून 21,400. बुधवारी शिवजयंतीची सुट्टी होती. सकाळी सातला बघतो तर टँग पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतोय. दुपारी चारला शेवटचा क्लाउन गेला. मँडरिन त्यातून कसाबसा वाचला आणि पुढे पंधरा दिवस उपाशी राहून मेला. तो खडकावरचे बारीक जिवंत किडे खातो, ते नव्या टाकीत नसतातच. हे विकणाऱ्याला माहीत नसतं यावर माझा विश्वास नाही. ॲनिमोनचा जांभळा रंग आठवड्यात उतरून तो पांढराफटक पडला, म्हणजे रंगवलेला होता. गडद पिवळा किंवा जांभळा ॲनिमोन कुणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका.

इथे तुम्ही विचाराल, मग पुन्हा पैसे का दिलेस? बायकोनेही विचारलं. त्याचं उत्तर असं की त्याने दोष माझ्यावर टाकला आणि मी तो घेतला. "सर, तुम्ही खाणं जास्त टाकलंत." टाकलं होतं खरं, चिमूटभर. मग म्हणाला, तुमच्या टाकीची सुरुवात माशांनी नको, कोरलने म्हणजे प्रवाळाने करू. इंडोनेशियाच्या फार्मवरचे फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे), सायटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परवान्यासकट, आगाऊ 54,000. परवान्याची पीडीएफ आली, त्यावर शिक्के होते. कोरल ठेवायला आपल्याकडे बंदी आहे हे मी कुठेतरी वाचलेलं. विचारलं तर म्हणे, "बंदी समुद्रातून काढायला आहे सर, फार्मवरच्याला नाही. सगळेच ठेवतात." मला तेच ऐकायचं होतं, मी ऐकलं. पैसे यूपीआयने त्याच्या मेहुणीच्या खात्यावर गेले. दुकानाचं खातं "जीएसटीच्या लफड्यात" होतं म्हणे. दुकानाच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपयाही देऊ नका, मेहुणी कितीही सज्जन असो.

पार्सल येईना. कस्टममध्ये आहे, सुट्ट्या आहेत, साहेब बदलले. आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मला वनविभागातून फोन आला.

पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले म्हणून येणारे फोन तुम्हाला माहीत आहेत, मलाही माहीत होते. तसा आला असता तर मी हसून ठेवला असता. पण इथे मी खरंच पार्सल मागवलेलं होतं. आणि तो माणूस जो कायदा सांगत होता तो खरा होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972, अनुसूची 1, कठीण प्रवाळ, तीन ते सात वर्षं कैद. मी फोन चालू ठेवून लॅपटॉपवर पडताळलं, शब्द न् शब्द बरोबर. 2001 पासून सगळे कठीण प्रवाळ त्या यादीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. मेलेला सांगाडाही सुटत नाही. मग तो म्हणाला, "आणि तुमच्या घरातल्या 40 किलो खडकाचं काय? तोही प्रवाळच आहे."

चाळीस किलो.

माझ्या बिलावर "सजावटीचे दगड, 26,000" एवढंच लिहिलं होतं. वजन नाही. चाळीस हा आकडा जगात दोनच माणसांना माहीत होता, मला आणि टाकीवाल्याला. बायकोलासुद्धा नाही. वनविभागाच्या साहेबाला तो कुठून कळला, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो रात्री अडीच वाजता, पैसे पाठवून नऊ तास झाल्यावर. पस्तीस हजार. "प्रकरण वर जाऊ नये म्हणून." घामाने बोट ओलं होतं, दोनदा पिन चुकला. म्हणजे फोनसुद्धा मला थांबवत होता!

कायदा खरा आहे म्हणून फोन खरा होत नाही. खरं सरकारी खातं नोटीस पाठवतं, घरी येतं, पंचनामा करतं. यूपीआय आयडी पाठवत नाही.

सकाळी टाकीवाल्याचा नंबर बंद. मी कॉलेजच्या लॅबमध्ये टाकीचं पाणी नेलं. हे दोन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं, माझ्याकडे किल्ली होती. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1300 च्या आसपास मॅग्नेशियम असतं. 10 मिलिलीटर समुद्राचं पाणी घेतलं तर या दोन्हींना पकडणारं 0.01 मोलर ईडीटीएचं द्रावण साठ मिलिलीटरच्या वर लागतं, 50 चं ब्युरेट पुन्हा भरावं लागतं. मी एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग दाखवणारा दर्शक टाकला, पाणी वाइनसारखं लाल झालं, तोटी सोडली. 3.4 मिलिलीटरलाच निळं. मी रीडिंग तीनदा घेतलं. लॅब असिस्टंट मामा म्हणाले, "सर, हे तर नळाच्या पाण्यात मीठ टाकल्यासारखं आलं." मामा बारावी नापास आहेत.

आता पोलीस. पहिल्या दिवशी ठाणे अंमलदाराने विचारलं, "मासे मेले म्हणून गुन्हा दाखल करायचा?" मागे दोघं हसले. मग म्हणाले दुकान आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. तिकडे म्हणाले पैसे डोंबिवलीतून गेले, तिकडे जा. हद्दीचा प्रश्न असला तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. मी प्रिंट काढून नेलं. उत्तर मिळालं, "सर, कायदा आम्हाला नका शिकवू, पोरांना शिकवा." तिसऱ्या ठिकाणी म्हणाले हा सिव्हिल मॅटर आहे. चौथ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर होते, पाचव्या खेपेला तेच साहेब समोर बसून चहा पीत होते आणि शिपाई मला सांगत होता की साहेब बंदोबस्तावर आहेत. सहाव्या खेपेला एकाने हळूच सुचवलं, "कोरलचं लिहिलंत तर आधी तुमचाच जबाब होईल, बघा." बस्स. याच भीतीवर तर त्या माणसाचा धंदा चालतो, आणि ती भीती मला फुकटात घालत होते ते माझ्याच टॅक्सचा पगार घेणारे. चोराने माझे पैसे घेतले, यांनी सहा कॅज्युअल लीव्ह घेतल्या.

बँकेत विचारलं तर, "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, मीच टाकला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी तिसऱ्या दिवशी फोन केला, तोवर उशीर झालेला. तुम्ही पहिल्या तासात करा, लाज नंतर वाटून घ्या. मेहुणीच्या खात्यात 1,112 रुपये सापडले, तेवढे गोठवलेत. ते मिळायला कोर्टाचा आदेश लागेल. जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय, पाच लाखांपर्यंत फी नाही, पण बिलावर "सजावटीचे दगड" लिहिलंय, त्यामुळे वकील मान हलवतो. बिलावर वस्तूचं खरं नाव आणि वजन लिहून घ्या, आणि तो लिहायला तयार नसेल तर तिथेच समजा.

ज्यांना तरीही खारी टाकी लावायचीच आहे त्यांनी कोरल आणि "लाइव्ह रॉक" विसरा. सिरॅमिकचे खडक चालतात. क्लाउनफिश हॅचरीत वाढवलेली मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र केव्हाच बसवलंय. मीठ सीलबंद बादलीतलंच. टेस्ट किट स्वतःचं, नळी स्वतःच्या हातात आणि घड्याळ समोर.

चिलर 9,000 ला गेला. टाकी रिकामी आहे, मुलगी त्यात जुनी पुस्तकं ठेवते. खडक मात्र दोन पोत्यांत बाल्कनीत पडलेत. विकले तर गुन्हा, खाडीत टाकावे तर कुणी बघेल, कचऱ्याच्या गाडीत टाकायची हिंमत होत नाही. गेल्या महिन्यात मीच खऱ्या वनखात्याच्या कार्यालयात गेलो, म्हटलं तुम्हीच घेऊन जा आणि काय करायचं ते करा. टेबलावरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दगड आणू नका. आधी लेखी अर्ज द्या." दिला. पोच मागितली तर शिक्का मारणारे त्या दिवशी रजेवर होते.